पाण्याची पाळी लावणारा इंजिनिअर

दर वर्षी १५ सप्टेंबरला अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि सरकारी बांधकाम कचेऱ्यांत अभियंता दिन साजरा होतो. टेबलावर एक फोटो ठेवलेला असतो. डोक्याला म्हैसुरी पगडी, बंद गळ्याचा कोट, डोळ्यांना चष्मा, चेहऱ्यावर हसू अगदी बेताचे. फोटोला हार घालतात, एखादे मोठे साहेब दोन शब्द बोलतात, चहा-बिस्किटे होतात आणि मंडळी पुन्हा आपापल्या फायलींकडे वळतात. शेतकऱ्याला या कार्यक्रमाचे आमंत्रण नसते. खरे म्हणजे पुढच्या रांगेत एक खुर्ची त्याची हवी. कारण फोटोतल्या या माणसाने उमेदीची चोवीस वर्षे आपल्या मुंबई इलाख्यात नोकरी केली आणि त्यातला बराच काळ पाट, चारी, पाणीपट्टी आणि पाण्याची पाळी यांच्याशी झटण्यात घालवला.

नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. शाळेत त्यांच्याबद्दल दोन गोष्टी हमखास सांगतात. एक सरकारी मेणबत्तीची आणि दुसरी रेल्वेच्या तुटक्या रुळाची. त्या गोष्टी आज बाजूला ठेवू. खडकवासल्याच्या सांडव्यावर आणि नीरेच्या कालव्यावर या माणसाने काय केले, हे आपल्या कामाचे जास्त आहे.

पुण्याची शाळा, नाशिकची नोकरी

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० चा. गाव मुद्देनहळ्ळी, जुन्या म्हैसूर संस्थानातले, चिक्कबळ्ळापूरजवळचे. योगायोग असा की त्याच १८६० साली इकडे साष्टीच्या डोंगरात विहार तलावाचे काम पुरे झाले आणि मुंबई शहराला पहिल्यांदा नळाने पाणी मिळाले. म्हणजे धरण बांधून लांबवर पाणी नेण्याची विद्या आपल्या या उपनगरात रुजली ते साल आणि हा माणूस जन्मला ते साल एकच.

वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित. घरात विद्या भरपूर, पैसा बेताचा. त्यात वडील लवकर वारले. पोरगा बंगळूरला मामाच्या आधाराने राहिला, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्या देऊन आपला खर्च भागवत १८८१ साली बी. ए. झाला. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि इंजिनिअरिंग शिकायला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये पाठवले. आज ज्याला सगळे सीओईपी म्हणतात तेच हे कॉलेज. १८८३ च्या परीक्षेत विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात पहिले आले. त्यांना मिळालेले पारितोषिक जेम्स बर्कले यांच्या नावाचे होते. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे, कुर्ला-भांडुपकडून जाणारी, ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते हे बर्कले साहेब.

त्या वेळी पहिल्या येणाऱ्याला सरकारी नोकरी पक्की असे. १८८४ साली विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. वय तेवीस.

तिथून लगेच खानदेशात. धुळ्याकडे पांझरा नदीच्या खोऱ्यात पाटाचे पाणी ओढ्याच्या पलीकडे न्यायचे होते. वरून पूल बांधण्याऐवजी पात्राखालून नळ टाकून सायफन करायचा ठरला. ऐन पावसाळ्याचे दिवस. खणले की वाळू येऊन बसायची, पाणी चढायचे, केलेले काम बुजून जायचे. नव्या साहेबांनी वरिष्ठांना कळवले की पावसाळा सरू द्या, मग करू, पैसाही वाचेल. वरिष्ठांना ते रुचले नाही. पोरगा हुकूम टाळतो आहे, अशी त्यांची समजूत झाली. मग विश्वेश्वरय्यांनी हट्टाने कामावर उभे राहून ते पुरे करून दाखवले आणि वरिष्ठांचे मतही बदलले. खाते कुठलेही असो, नव्या माणसाला या परीक्षेतून जावेच लागते. आमच्या खात्यातल्या पुष्कळांना हे वाचून आपली पहिली नेमणूक आठवेल!

पण पांझराकाठी त्या तरुण इंजिनिअरच्या नजरेसमोर आणखी एक गोष्ट होती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत चालत होती. नदीवर दगडी बंधारा, त्याचा पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात खरिपाचे धान्य, तिसऱ्यात रब्बी आणि दर वर्षी फेरपालट. पाण्याचे दार कुणी शेतकरी स्वतः मोडायचा नाही. गावाने नेमलेला पाटकरी प्रत्येक वावर भिजवून पुढे जायचा. कुणाचे किती भिजले, यावर भांडण नाही, कारण पाणी देणारा हात एकच. इंग्रजी कायदा नाही, सरकारी शिक्का नाही आणि तरीही चालणारी व्यवस्था. हे लक्षात ठेवा, कारण पुढे नीरेच्या कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी जे केले ते याच्या फार जवळचे आहे.

धुळे शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. मग इलाख्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंध प्रांतात सक्करला बदली झाली. सिंधू नदीचे पाणी गढूळ. गाळण्याची मोठी यंत्रणा बसवायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणवली आणि नदीची वाळू हीच चाळणी केली. वाळूतून झिरपून आलेले पाणी पंपाने वर चढवून गावाला दिले. १८९५ साली ते काम पुरे झाले. ओढ्याकाठी झरा उकरून पाणी भरणाऱ्या आपल्या आयाबहिणींना यात नवे काही वाटणार नाही. पण गावातली साधी युक्ती शहराच्या मापाने करून दाखवणे, हेही इंजिनिअरचेच काम.

१८९८ मध्ये ते जपान पाहून आले. आणि १८९९ साली पुण्याच्या पाटबंधारे विभागाचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. साल ध्यानात घ्या. दोन-तीन वर्षांपूर्वीच एक दुष्काळ होऊन गेला होता, पुण्यात प्लेगने घरे ओस पाडली होती आणि १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ दारात उभा होता.

वाहून जाणारे आठ फूट

पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे दगडी धरण आधीच होते. इंग्रज त्याला लेक फाईफ म्हणत. पुण्याचे पिण्याचे पाणी आणि मुठा कालव्यांखालची बागायत यावर अवलंबून. अडचण अशी की पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून निघून जायचे आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडायचे. पाऊस सरत आला की सांडव्यावर तात्पुरता बांध घालून आणखी थोडे पाणी अडवायचे, हा नेहमीचा उपाय होता. पण तो बांध अवेळी पुराने उडवला तर मेहनत फुकट आणि लवकर घातला तर पुराचे पाणी धरणाला धोक्याचे.

धरणाची उंची वाढवणे हा एक मार्ग. पण जुन्या भिंतीवर नवा भार टाकण्याची जोखीम मोठी आणि खर्चही मोठा. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. तलाव ठरल्या पातळीपर्यंत भरेस्तोवर दरवाजे बंद. पाणी त्याच्या वर गेले की पाण्याच्याच जोराने दरवाजे उघडतात आणि पुराला वाट मिळते. पातळी उतरली की आपोआप बंद. चौकीदार झोपला, वीज नाही, तार तुटली, तरी काही अडत नाही. १९०३ साली हे दरवाजे बसले. पाण्याची पातळी सुमारे आठ फूट वाढली आणि साठा साधारण पाव हिश्शाने वाढला. तोही धरणाच्या भिंतीला हात न लावता.

या दरवाजांचे पेटंट त्यांच्या नावाने झाले. नियमाप्रमाणे त्याचा मोबदला घेता आला असता. पण हे काम आपण सरकारी पगार घेत असताना केले, या विचाराने त्यांनी तो घेतला नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूरला कृष्णराजसागरावर असेच दरवाजे लागले. आजही पावसाळ्यात राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडल्याची बातमी येते आणि पंचगंगाकाठची गावे सावध होतात. पाण्याने स्वतःच दार उघडायचे ही तीच जात.

नीरेच्या कालव्यावरची लढाई

दरवाजांचे कौतुक सगळेच करतात. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोठे काम नीरेच्या कालव्यावर झाले. त्याबद्दल अभियंता दिनाच्या भाषणात क्वचित ऐकायला मिळते.

नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. वर भोर भागात भाटघरचे धरण, खाली पुरंदर, बारामती, इंदापूरची काळी जमीन. कालवा काढला तो मुख्यतः दुष्काळाला उपाय म्हणून. आता गंमत बघा. पाऊस चांगला झाला की शेतकरी पाणी घ्यायचा नाही, कारण पाणीपट्टी भरावी लागते. कालवा भरून वाहायचा आणि सरकारचा खर्चही निघायचा नाही. पाऊस ओढला की सगळेच एकदम धावायचे. मग ज्याचे वावर कालव्याच्या तोंडाशी, ज्याचा हात मोठा, ज्याची पाटकऱ्याशी ओळख, त्याचे भिजायचे. शेपटाकडचा नुसता पाट बघत बसायचा.

तोंडाकडच्या बागाईतदारांचा दुसरा प्रकार. पाणी हाताशी आहे म्हणून उसाला वारेमाप पाणी. त्याच त्याच वावरात वर्षानुवर्षे ऊस. काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा होत नाही, मग जमीन चिबड होते, मीठ वर येते. गावाला लागून शेते ओली राहिल्याने हिवतापही वाढतो. म्हणजे एकीकडे पाण्यावाचून पीक जळते आणि दुसरीकडे पाण्यानेच जमीन मरते. कालवा तोच, गावे शेजारची.

विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत मांडली. कल्पना थोडक्यात अशी. कालव्यात पाणी किती, ते आधी मोजायचे. ते मोजक्या बागाईतदारांना न देता जास्तीत जास्त गावांत वाटायचे. प्रत्येक गावात सलग जमिनीचा एक ब्लॉक ठरवायचा आणि तेवढ्यालाच पाणी. ब्लॉकमध्येही सगळा ऊस नाही. साधारण तिसऱ्या हिश्शात ऊस किंवा तसेच बारमाही पीक, उरलेल्यात कमी पाण्याची पिके आणि तीन वर्षांचा फेर. यंदा जिथे ऊस तिथे पुढच्या वर्षी हलके पीक, म्हणजे जमिनीला विसावा. पाण्याची पाळी ठरलेली, किती दिवसांनी येणार ते आधी माहीत. आणि सरकारने हे पाणी काही वर्षांसाठी बांधून द्यायचे, म्हणजे शेतकऱ्याला खत, बेणे, बैल यांचा विचार आधी करता येईल.

खेड्यातली फड पद्धत आणि ही ब्लॉक पद्धत यांत फरक पुष्कळ. फडात मालक गाव होते, ब्लॉकमध्ये मालक सरकार. पण गाभा एकच, की पाणी जमिनीच्या मालकाच्या ताकदीप्रमाणे न वाटता ठरल्या क्षेत्राला, ठरल्या पिकाला, ठरल्या दिवशी द्यायचे. पांझराकाठी उमेदवारी केलेल्या माणसाला हे सुचावे यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

विरोध झाला. होणारच होता. ज्यांना आजवर हवे तेवढे पाणी मिळत होते त्यांना वाटा मान्य नव्हता. पुण्याच्या वर्तमानपत्रांतून टीका झाली. साधा शेतकरीसुद्धा बिचकला, कारण सरकार सांगेल तेच पीक घ्यायचे म्हणजे काय, आणि पाणीपट्टी तर वाढणार नाही ना, ही शंका खरी होती. विश्वेश्वरय्यांनी गावकऱ्यांच्या सभा घेतल्या आणि हिशेब समजावून दिला. हळूहळू लोक तयार झाले. १९०१ ते १९०३ दरम्यान हिंदुस्थान सरकारच्या सिंचन आयोगासमोर ही पद्धत मांडली गेली आणि आयोगाने तिची चांगली दखल घेतली. पुढे दख्खनच्या इतर कालव्यांवरही ती गेली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे नुसते आरतीचे ताट होईल. ब्लॉकमुळे उसाला पाण्याची खात्री मिळाली. नीरा, गोदावरी, प्रवरेच्या कालव्यांवर पुढे साखर कारखाने उभे राहिले, त्याला हे बांधलेले पाणी कारण झाले. पण कालांतराने झाले असे की उसाचा ब्लॉक तेवढा लोकांनी घट्ट धरला आणि फेरपालट सोडून दिली. जास्तीत जास्त गावांना थोडे थोडे पाणी, हा मूळ हेतू मागे पडला. तोंडाशी ऊस आणि शेपटाला कोरड हे चित्र राज्याच्या पुष्कळ कालव्यांवर पुन्हा दिसू लागले. चिबड झालेल्या जमिनी तर सांगली, कोल्हापूर, पुणे, नगरकडे कुणीही दाखवील. हा दोष विश्वेश्वरय्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. तीन कलमी औषधातले एकच कलम घेतले तर रोग हटत नाही, तसे झाले.

माझ्या नोकरीत एका कालव्याच्या शेपटाला मी अनेकदा उभा राहिलो आहे. शेतकरी अर्ज दाखवतो, पावती दाखवतो, पाणी दाखवू शकत नाही. आम्ही विस्तारवाले त्याला सुधारित बियाणे आणि खताची मात्रा सांगतो. तो ऐकून घेतो आणि आकाशाकडे बघतो. त्या वेळी वाटते, की बांध घालणारे इंजिनिअर पुष्कळ झाले, पण टेलच्या वावरात पाणी पडेपर्यंत आपले काम संपले नाही असे मानणारे किती झाले?

राजीनामा आणि नवी कामे

मुंबई सरकारच्या नोकरीत विश्वेश्वरय्या पुष्कळ वरिष्ठांना ओलांडून वर चढले. सुरतेचा, पुण्याचा पाणीपुरवठा पाहिला, एडनपर्यंत जाऊन पाणी व गटारांची योजना केली. पण हिंदी माणसाला त्या काळी चीफ इंजिनिअरच्या खुर्चीची वाट मोकळी नव्हती. १९०८ साली, पुरी मुदत होण्याआधीच, त्यांनी नोकरी सोडली.

ते परदेशात फिरत असतानाच सप्टेंबर १९०८ मध्ये हैदराबादला मुसी नदीचा भयंकर पूर आला. हजारो माणसे गेली. निजाम सरकारने त्यांना बोलावले. पुराला नुसत्या भिंती घालून भागणार नाही, शहराच्या वरच्या अंगाला तलाव बांधून पूर तिथेच थोपवा आणि तेच पाणी लोकांना प्यायला द्या, असा त्यांचा सल्ला. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. एका कामात दोन कामे. आजकाल शाश्वत विकास हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. त्याचा अर्थ समजून घ्यायला मला हे उदाहरण पुरे वाटते.

१९०९ साली म्हैसूरने आपल्या माणसाला घरी बोलावले. आधी चीफ इंजिनिअर, मग १९१२ पासून १९१८ पर्यंत दिवाण. कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण १९११ साली सुरू झाले. मोठ्या बांधकामाला परदेशी सिमेंट आणण्याऐवजी चुना आणि विटांची भुकटी, म्हणजे आपली सुरखी, वापरून ते उभे केले. मंड्याकडची कोरडवाहू जमीन त्या पाण्याने भिजली. दिवाण असताना म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, चंदनतेल आणि साबणाचे कारखाने, हेब्बाळची शेतकी शाळा अशी कामे झाली. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना पुढे त्यांनीच मार्गी लावला.

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ब्राह्मणेतर समाजाला सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा द्याव्यात, हा प्रश्न म्हैसुरात आला तेव्हा विश्वेश्वरय्यांना तो मार्ग पटला नाही. नोकरी गुणवत्तेवर द्यावी आणि मागे राहिलेल्यांना शिक्षण द्यावे, असे त्यांचे मत. महाराजांचा कल वेगळा होता. १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०२ सालीच पन्नास टक्के जागा राखून दाखवल्या होत्या. पाण्याच्या बाबतीत ज्याला कळले की तोंडाकडच्याला मोकळे सोडले तर शेपटाकडच्याला काही उरत नाही, त्याला नोकऱ्यांच्या बाबतीत ते मान्य होऊ नये, याचे मला आजही नवल वाटते. मोठ्या माणसाचेही एखादे वावर कोरडे राहते.

कुर्ल्याची मोटार

दिवाणपद सोडल्यावर साठीला आलेला हा माणूस स्वस्थ बसला नाही. देशाचा कारभार योजना आखून चालवावा, असे सांगणारे त्यांचे पुस्तक १९३४ साली निघाले. स्वतंत्र भारताची पहिली पंचवार्षिक योजना त्यानंतर सतरा वर्षांनी आली.

याच काळात मोटारी आपल्या देशात बनल्या पाहिजेत, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली. पंचाहत्तरीच्या घरात असताना युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून आले, मुंबईत कारखाना काढायची योजना केली, सरकारदरबारी खेटे घातले. इंग्रज सरकारला त्यात गोडी नव्हती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती गोष्ट पुढे नेली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली. कारखाना आला कुर्ल्याला. घाटकोपर-कुर्ला भागातल्या किती घरांची चूल त्यावर पेटली! कोकणातून, घाटावरून आलेली शेतकऱ्यांची पोरे तिथे फिटर, टर्नर झाली आणि गावाकडे मनीऑर्डर जाऊ लागली. त्याच कारखान्याच्या पद्मिनी मोटारी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईभर धावल्या. २०२३ साली त्या रस्त्यावरून निघाल्या तेव्हा जुन्या मंडळींना हळहळ वाटली. त्यामागे या पगडीवाल्या म्हाताऱ्याने घातलेले खेटे होते, हे फार थोड्यांना ठाऊक.

१९५५ साली भारतरत्न मिळाले. त्याआधी १९५२ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, बिहारात गंगेवर पूल कुठे बांधावा हे पाहायला ते उन्हातान्हात हिंडले. मोकामाचा तो पूल १९५९ ला झाला. १९६० मध्ये शंभरी झाली तेव्हा सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

शेपटाकडची गावे

विहार तलावापासून सुरू झालेली मुंबईची तहान पुढे वाढतच गेली. १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा, मग वैतरणा, मग भातसा. डोंगर खोदून, नळ टाकून पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात येते आणि तिथून उपनगरांत. इंजिनिअरिंग म्हणून हे काम कुणालाही अभिमान वाटावा असेच आहे. पण ज्या शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर ही धरणे आहेत तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण तिथल्या बायकांना समजावून सांगावी लागत नाही. इकडे आरे आणि राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरही, तलाव डोळ्यांसमोर असताना, नळ येण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहणे झाले.

नीरेवर १९०० च्या सुमारास जो प्रश्न होता तोच हा, फक्त कालव्याच्या जागी नळ आला. पाणी वाहून नेण्याची विद्या पुढे गेली, वाटण्याची तशी गेली नाही.

सगळीकडे अंधारच आहे असे नाही. ज्या नाशिक जिल्ह्यात विश्वेश्वरय्यांची पहिली नेमणूक झाली तिथे दिंडोरीकडच्या वाघाड धरणावर १९९० च्या दशकात शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचे, आपसांत वाटायचे, पाणीपट्टी आपणच गोळा करून भरायची. टेलला पाणी पोचू लागले. २००५ साली राज्याने तसा कायदाच केला. कायद्याखाली संस्था कागदावर पुष्कळ झाल्या, चालत्या थोड्या आहेत. ज्या गावात सरपंच, ग्रामसेवक, कालवा निरीक्षक आणि शेपटाकडचा शेतकरी एका सतरंजीवर बसतात तिथे त्या चालतात, हा आमचा अनुभव. ब्लॉकमध्ये जी त्रुटी होती, म्हणजे मालक सरकार आणि गाव नुसते ग्राहक, ती इथे भरून निघते. फडाची जुनी रीत नव्या कायद्याच्या कागदावर परत आली म्हणा ना.

विश्वेश्वरय्यांच्या आयुष्याच्या शेवटी एक दुःखद गोष्ट घडली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खालच्या खडकवासल्यावर आला आणि ते जुने दगडी धरणही फुटले. पुण्यात हाहाकार उडाला. ज्या सांडव्यावर १९०३ साली त्यांनी आपले दरवाजे बसवले होते ते धरण त्या दिवशी गेले. तेव्हा ते बंगळूरला होते, वय शंभरावर. पुढच्या वर्षी एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मुद्देनहळ्ळीला, जन्मगावीच, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

खडकवासला नंतर पुन्हा बांधले गेले. मुठेचा कालवा हडपसरवरून दौंड, इंदापूरकडे आजही वाहतो. पुणे शहर वाढले, शहराचा वाटा वाढला आणि दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत आवर्तन कधी सुटणार, किती दिवसांचे आणि टेलपर्यंत पोचणार का, यावर शेतकरी आणि अधिकारी समोरासमोर बसतात.